आधी सरळ बसवा

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर माणसं उलटी बसतात.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी हसू देईनच असं नाही.

सगळं जग खुर्चीला पाठ टेकून बसतं. माझ्याकडे येणारी माणसं मात्र दोन बाजूंना दोन पाय टाकून, तोंड माझ्या पाठीकडे करून बसतात. माझ्या पाठीला वर एक आडवी दांडी आहे. तिच्यावर ती हात ठेवतात आणि हातांवर कपाळ टेकतात. असं बसलं की माणसाची पाठ ताणली जाते, बरगड्यांमधल्या फटी मोकळ्या होतात आणि मागून डॉक्टरला सुई घालता येते. कारण मी ज्या खोलीत उभी आहे तिथे छातीत, फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी काढतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर असतो. पाणी साठलं की फुप्फुस दबतं. मग जिना चढायचं सोडाच, सदऱ्याची बटणं लावतानाही धाप लागते. आडवं पडवत नाही. बोलायला सुरुवात केलेलं वाक्य अर्ध्यात टाकून द्यावं लागतं.

मला काही शाळा नाही. पण ऐकून ऐकून एवढं कळतं.

माझा जन्म एका हट्टी सुताराच्या हातून झाला. एका घराच्या जेवणाच्या टेबलासाठी त्याने आम्हा बहिणींना बनवलं. सगळ्या एका मापाच्या, पण मी टेबलाच्या टोकाला बसणारी म्हणून मला त्याने पाठ जरा उंच दिली. खिळा एकही मारला नाही. खाचेत खाच बसवली, सरस लावला आणि सुकेपर्यंत आवळून ठेवलं. गिऱ्हाईक म्हणालं, "हिला हात नाहीत का?" सुतार म्हणाला, "हात टेकायला लागतील अशी माणसं हिच्यावर बसायची नाहीत." मला ते बोलणं फार आवडलं. अजून आवडतं, आणि त्यात त्याचा अंदाज किती चुकला तेही मला माहीत आहे.

त्या टेबलाच्या टोकाला घरची कर्ती बाई बसायची. तिच्या आधी कुणी घास उचलत नसे. पाहुणे यायचे, माझ्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, खुर्ची असावी तर अशी. मग ती बाई गेली आणि घरात मऊ, गुबगुबीत खुर्च्या आल्या. मला गच्चीवर टाकलं. माझ्यावर कुंडी ठेवली. कुंडीत ओतलेलं पाणी माझ्या अंगावर सांडायचं, त्याचा गोल डाग अजून माझ्या बैठकीवर आहे. शेवटी मला हॉस्पिटलला दान केलं. अडगळ दाराबाहेर काढायची आणि वर तिला दान म्हणायचं, हे माणसांनीच करावं.

हॉस्पिटलातही सुरुवातीला काही मान नव्हता. दिवे बदलायला लोक बूट घालून माझ्यावर चढायचे. तेव्हा सुईच्या खोलीत चाकांचं एक टेबल होतं. पेशंट पलंगाच्या कडेला बसून त्या टेबलावर वाकायचे. एक दिवस सुई पाठीत असतानाच ते टेबल पुढे सरकलं. पेशंट थोडक्यात वाचला. त्याच दिवशी थोरली सिस्टर बाहेर आली, माझा खांदा धरून मला गदागदा हलवलं आणि म्हणाली, "ही आत घ्या. हिला हात नाहीत, चाकं नाहीत, आणि ही कुरकुरत नाही."

त्या दिवशी कुरकुरले नाही, एवढंच. मनातल्या मनात मी कायम कुरकुरत असते, आणि त्याला कारण आहे.

डॉक्टरला पेशंटची पाठ दिसते. घरच्यांना पाठ दिसते. तोंड फक्त मला दिसतं. सुई टोचण्याआधी जागा बधिर करतात तेव्हा मिटलेले डोळे मला दिसतात. पाणी बाटलीत उतरू लागलं आणि दबलेलं फुप्फुस उघडायला लागलं की खोकला येतो. त्या खोकल्यानंतरचा पहिला मोठा श्वास माझ्या दांडीवर सोडलेला असतो. तो श्वास ऐकावा, मित्रांनो. जगात त्याच्याएवढं गोड काही नाही.

आणि त्याच वेळी दाराशी उभं राहून घरची माणसं जे कुजबुजतात तेही मला ऐकू येतं. त्यात गोड काही नसतं.

आमच्याकडे एक बाई यायच्या. त्यांचं कोट शिवायचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना कोटवाल्या बाई म्हणायचे. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मी घोड्यावर बसल्यासारखी बसायची नाही."

"आजी, झगा चांगला घोळदार आहे. पाय झाकले जातील," सिस्टर म्हणाली.

बाईंनी हॉस्पिटलचा झगा हातात घेऊन उलटापालटा केला. "हा शिवला कुणी? खांदा एकीकडे, बाही भलतीकडे. भांडण करून आला असेल घरून."

शेवटी बसल्या. कपाळ टेकलं आणि लगेच उचललं. "ही दांडी रुतते. एवढी यंत्रं आणलीत, एक गादी नाही सुचली कुणाला?"

सिस्टरने टॉवेलची घडी ठेवली. ती घसरून खाली पडली.

"ठेवलेलं घसरतं," बाई म्हणाल्या. "बसवावं लागतं."

मला त्या तिथेच आवडल्या. ही बाई माझ्याच वळणाची, ताठ पाठीची.

पण त्या झगा घालायला पडद्यामागे गेल्या होत्या तेव्हा काय झालं ते ऐका. त्यांचा मुलगा चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आईला यातलं काही माहीत नाही. थंडी बसून छातीत पाणी झालंय असं सांगितलंय आम्ही."

"पण त्यांच्या छातीची गाठ काढली होती. ते तरी माहीत आहे ना?"

"ते जुनं झालं. ते गेलं, संपलं, असंच तिला वाटतं. परत आलंय म्हटलं तर ती हाय खाईल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "हे पाणी परत परत साठणार. एक बारीक नळी बसवता येते, मग घरच्या घरी काढता येतं. पण छातीत नळी ठेवायची म्हणजे ती कशासाठी, हे त्यांना सांगावं लागेल."

"मग नळी नको," मुलगा म्हणाला. "सुईच चालू द्या."

ऐकलंत? मग नळी नको. जशी काही सुई त्याच्या पाठीत जाणार होती. आणि डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान हलवली. एवढं शिकून हेच. मला हात असते तर मी दोघांचेही कान पिळले असते.

बाई येत राहिल्या. पाणी काढलं की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा धाप, पुन्हा गाडी, पुन्हा जिना, पुन्हा मी. त्यांची सून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून त्यांचे हात धरायची. तिच्याशी बाई बोलत असत, दमादमाने, माझ्या दांडीवरून.

"नातीला परगावी नोकरी लागलीय," एकदा म्हणाल्या. "आमच्या घरातून जो बाहेर पडतो तो माझ्या हातचा कोट घालून. निळं लोकरी कापड आणून ठेवलंय. बरी झाले की कापते."

"हो आई. आधी बरं वाटू दे तुम्हाला. घाई काय आहे?" सून म्हणाली. तिचा आवाज गोड होता आणि डोळे जमिनीवर होते.

घाई काय आहे. आणि त्याच वेळी मागे दाराशी डॉक्टरीणबाई मुलाला सांगत होत्या, "महिने आहेत. वर्षं नाहीत."

त्या थापेने आणखी काय केलं ते तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. थंडीचं पाणी म्हटल्यावर बाईंनी थंडीशी लढाई सुरू केली. दुकान बंद केलं, कारण तिथे वारा येतो. वाफेच्या इस्त्रीला हात लावणं सोडलं, कारण गरम वाफेतून एकदम गार हवेत जाणं बाधतं. घरच्या खिडक्या लावून, मफलर गुंडाळून, धडधाकट माणसाचाही जीव गुदमरेल अशा खोलीत त्या बसून राहिल्या. आणि तरी पाणी साठलं की सुनेला म्हणायच्या, "माझंच चुकलं. परवा जरा दारात उभी राहिले होते." ज्या बाईने जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती दारात उभी राहिल्याबद्दल स्वतःला दोष देत होती. मुलगा ते ऐकायचा आणि म्हणायचा, "बघ, म्हणून सांगतो, जप." त्याचं प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण प्रेमाने घातलेली उशीसुद्धा तोंडावर दाबली तर जीव जातो.

मग एक दिवस आमच्या खोलीची फरशी धुवायला काढली आणि मला बाहेर व्हरांड्यात आणून ठेवलं. बाकडी भरलेली होती. कोटवाल्या बाई आल्या आणि माझ्यावर बसल्या. सरळ बसल्या. माझ्या पाठीला पाठ लावून. पहिल्यांदाच.

शेजारच्या बाकावर एक निवृत्त बसचालक बसला होता. त्याने स्वेटर वर करून पट्टी दाखवली. "ही बघा माझी तोटी. बायको म्हणते, घरात आणखी एक नळ आला. एक दिवसाआड ती बाटली जोडते, मी रेडिओ ऐकतो. सुईबिई बंद. इथे फक्त दाखवायला येतो."

"मला कुणी बोललं नाही असल्या नळीचं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला झालंय काय?"

"कॅन्सर. तुम्हाला?"

"थंडी."

बसचालकाने स्वेटर खाली ओढला आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. गाडीत बडबड करणारा माणूस गप्प झाला की उतारूला कळतं, पुढे काहीतरी आहे. बाईंनाही कळलं. त्यांची पाठ माझ्या पाठीवर होती. ती आधी सैल होती, मग हळूहळू ताठ होत गेली. सुताराने म्हटलं होतं तशी, हात टेकायला न लागणारी.

फरशी सुकली. मला आत नेलं. बाई झगा घालून आल्या आणि पुन्हा माझ्यावर सरळ बसल्या.

"आजी, उलटं," सिस्टर म्हणाली.

"नाही. सगळे समोर या. तूही ये रे. डॉक्टरीणबाई, तुम्हीपण. आज आधी तोंडावर बोलायचं. मग पाठीत सुई घाला."

"आई, अगं कशाला आता..." मुलगा म्हणाला.

"ते जुनं परत आलंय का?"

सून रडायला लागली.

"तू रडू नकोस, तुला मी काही विचारलेलं नाही. डॉक्टरीणबाई, तुम्हाला विचारते."

डॉक्टरीणबाईंचा हात चष्म्याकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला, स्टूल ओढलं आणि बाईंच्या समोर बसल्या. "हो आजी. परत आलंय."

"आई, तू हाय खाशील म्हणून आम्ही..." मुलगा म्हणाला.

"मी? तुझे वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा मी गिऱ्हाइकाचा कोट ठरल्या दिवशी दिलाय. मी हाय खाईन?" धाप लागली म्हणून त्या थांबल्या. सगळे थांबले. "माझे दिवस तू आपल्या खिशात घालून फिरत होतास. ते माझे होते. तुला भीती वाटत होती तर तसं सांगायचंस. मी तुला जवळ घेतलं असतं. पण तू मला मफलर घालून कोंडून ठेवलंस."

मुलगा खाली बघत राहिला. चांगला दाढीमिशीचा माणूस, पण माझ्या उंचीवरून मला त्याची हनुवटी थरथरताना दिसत होती. मला दया आली नाही. आज थोडी येते.

"आता सांगा," बाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "हे पाणी येतं कुठून?"

"फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो. बरगड्यांना आतून दुसरा असतो. दोन्हींच्या मध्ये थोडासा ओलावा, एकमेकांवर सरकण्यापुरता. तुमचा आजार त्या पडद्यांवर बसलाय, म्हणून मध्ये पाणी झिरपतंय."

"म्हणजे कोट आणि अस्तर. मध्ये पाणी."

"तसंच. काही पेशंटना आम्ही मध्ये एक पावडर सोडतो. दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात, पाण्याला जागाच उरत नाही."

"मग ती मला का नाही?"

"मागच्या वेळी पाणी काढल्यावर फोटो काढला होता. तुमचं फुप्फुस पूर्ण फुललं नाही, आवळलेलंच राहिलं. पडदे एकमेकांना टेकतच नाहीत, तर चिकटणार कसे?"

"कापड आटलंय," बाई म्हणाल्या. "बरं. मग राहिली ती नळी."

"नळीच बरी. अर्धी कातडीखाली, टोक बाहेर, पट्टीखाली. बाटली जोडायची ते घरच्यांना आम्ही शिकवू. हात स्वच्छ हवेत. ताप आला, लाली आली, दुखायला लागलं, तर लगेच इथे. पण आजी, यानं आजार बरा होणार नाही. धाप कमी होईल, एवढंच."

"बरा होणार नाही," बाई माप घेतल्यासारख्या म्हणाल्या. "किती आहे हातात?"

"महिने. नक्की किती ते मला सांगता येत नाही."

"कोट होईल?"

"लगेच सुरू केलात तर होईल."

बाई उठल्या. माझा खांदा धरून मला त्यांनी स्वतः फिरवलं आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या. "मग चला. घाई आहे," त्या म्हणाल्या, आणि कपाळ माझ्या दांडीवर टेकलं. त्यांचे डोळे ओले होते. ते मी पाहिले आणि माझ्या पाठीमागच्या कुणाला दिसू दिले नाहीत. माझी पाठ तेवढ्यासाठीच उंच आहे असं त्या दिवशी मला वाटलं.

नळी पेशंटला पलंगावर कुशीवर निजवून दुसऱ्या खोलीत बसवतात. म्हणून बाई माझ्यावर पुन्हा कधी बसल्या नाहीत.

पुढचं मला कळलं ते त्यांचा मुलगा एक दिवस एकटाच आला तेव्हा. थोरल्या सिस्टरशी बोलत तो माझ्याजवळ उभा होता. नळी बसल्यावर आईने पहिल्यांदा घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, म्हणाला. मग दुकान उघडायला लावलं. बाटली तो स्वतः जोडायचा, कामावर जाण्याआधी. "दर वेळी माझे हात नाकाशी धरून बघायची, साबण लावलाय का ते," तो म्हणाला. "खोटं बोललो असतो तर वासावरून कळलं असतं." निळं कापड तिने स्वतः कापलं. उभं राहवेना तेव्हा बसून शिवलं. नात तोच कोट घालून परगावी गेली आणि तोच घालून आजीला शेवटचं भेटायला आली. मधल्या काळात त्या दोघी रोज फोनवर भांडत होत्या, कॉलरवरून.

मग त्याने पिशवीतून एक लांबोडकी गादी काढली. निळं लोकरी कापड, आत कापूस, मागे अस्तर, आणि घसरू नये म्हणून खाली बटणांच्या पट्ट्या. कोटाच्या उरलेल्या कापडाची. माझ्या दांडीवर ती अशी बसली जशी काही माझं माप घेऊन शिवली असावी. आणि घेतलेलंच होतं माप. कपाळाने.

"शेवटचे टाके बायकोने घातले," मुलगा म्हणाला. "तोपर्यंत आईचा हात चालत नव्हता. तोंड चालत होतं."

सिस्टर हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

आता जो येतो तो त्या गादीचं कौतुक करतो. छान आहे म्हणतात, कुणी केली विचारतात. करा कौतुक. माझा राग गेलेला नाही. कारण दाराशी कुजबुजणारी माणसं अजून येतात, दुसऱ्या घरातली, पण तीच वाक्यं घेऊन. परवाच एक मुलगी आली. वडील पडद्यामागे झगा घालत होते. "बाबांना काही सांगू नका हं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "ते फार हळवे आहेत."

डॉक्टरीणबाईंचा हात चष्म्याकडे गेला. मग माझ्या निळ्या गादीवर आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"त्यांना आधी सरळ बसू दे," त्या म्हणाल्या. "किती ऐकायचंय ते त्यांनाच विचारू."

म्हातारे बाबा आले आणि माझ्या पाठीला पाठ टेकून बसले. डॉक्टरीणबाईंनी समोर स्टूल ओढलं.

मित्रांनो, माझ्यावर बूट घालून चढू नका, ओली कुंडी ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण लाकडाचं काय, ते सोसतं. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या घरात कुणाला तरी धाप लागेल. तेव्हा दाराशी उभं राहून त्याचे दिवस आपापसात वाटून घेऊ नका. त्याला विचारा. ऐकायचं नाही म्हणाला तर नका सांगू, पण विचारा त्याला, त्याच्या तोंडाकडे बघून. माझ्यावर उलटं बसवायला सुई तयारच असते. त्याआधी माणसाला एकदा सरळ बसवा.